कंपनीत देणगी गोळा करायची आहे पण जबरदस्ती न करता : बुटीबोरीच्या ताईंच्या प्रश्नाला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही नागपूरजवळ बुटीबोरीच्या एका कारखान्यात एचआरला आहात, २४० माणसं, त्यातली ९० कॉन्ट्रॅक्टवर, दर ऑक्टोबरला कंपनीत समाजकामासाठी पैसे गोळा होतात, मागच्या वर्षी फक्त ५८ जणांनी दिले आणि साहेब आता म्हणून राहिले की यंदा डबल झालं पाहिजे. तुमचं विचारणं असं की लोकांना मोटिव्हेट कसं करायचं, पोस्टर लावू का, जास्त देणाऱ्या डिपार्टमेंटला बक्षीस ठेवू का, आणि पैसा द्यायचा कुणाला.

मी हिंगणा एमआयडीसीत १९ वर्षं अकाउंट्सला होतो, त्यातली ११ वर्षं हे गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. आता गेली ७ वर्षं उलट्या बाजूला आहे, नागपूरच्या मेडिकलजवळ (सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल) पेशंटच्या नातेवाइकांना रात्रीचं जेवण देणारा एक छोटा ट्रस्ट आहे, त्याचा हिशोब बघतो. म्हणजे मागायचं कसं ते चुकत चुकत शिकलो आणि आलेला पैसा कुठं लागतो तेही रोज बघतो, त्यावरून जे समजलं ते लिहितो, थोडं लांब होईल.

आधी एक. तुमची अडचण मोटिव्हेशनची नाही असं मला वाटते. १८२ जणांनी पैसे दिले नाहीत म्हणता, तर त्यातल्या किती जणांना कुणी समोर बसून विचारलं होतं? मेल गेला असेल, टाइम ऑफिसजवळ नोटीस लागली असेल, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर क्यूआर कोड टाकला असेल, पण याला विचारणं म्हणत नाहीत. आणि ज्या ५८ जणांनी दिले त्यांना वर्षभरात कुणी सांगितलं का की तुमच्या पैशाचं काय झालं? या दोन प्रश्नांची उत्तरं "नाही" असतील तर पोस्टर कितीही चांगलं छापा, आकडा तिथंच राहील.

आपल्याकडच्या लोकांना द्यायची सवय नाही असं तर म्हणूच नका, मॅनेजमेंटच्या मीटिंगमध्ये हे वाक्य मी बरेचदा ऐकलं आणि दर वेळी वाईट वाटलं. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर बघा, लांबून लांबून आलेल्या लोकांसाठी जेवणाचे, पाण्याचे स्टॉल असतात, ते कुणी मोठ्या शेठनी लावलेले नसतात, वस्तीतल्या माणसांनी शंभर दोनशे करत जमवलेले असतात. रामनवमीला पोद्दारेश्वर मंदिराच्या शोभायात्रेच्या रस्त्यावर तेच, ताजबागेत उर्सला तेच. तुमच्या शॉपफ्लोअरवरचा फिटर तिथं पैसे देतो, वरून रात्रभर उभा राहून वाढतो पण. तिथं देतो कारण मागणारा त्याच्या ओळखीचा आहे आणि दिलेलं डोळ्यांनी दिसते. कंपनीत मागणारी नोटीस असते आणि पैसा कुठं गेला ते दिसत नाही, फरक एवढाच आहे.

आता काही गोष्टी तुमच्या तिथल्या परिस्थितीवर आहेत. तीन शिफ्ट असतील तर एका दिवसात मोहीम होतच नाही, नाइट शिफ्टवाले नेहमी सुटतात. युनियन असेल तर आधी त्यांच्याकडे जा, परवानगी मागायला नाही, सोबत घ्यायला. आणि कंपनीत नुकतीच कुणाची नोकरी गेली असेल किंवा ओव्हरटाइमचे पैसे अडकले असतील तर यंदा मोहीम करू नका, खरंच सांगतो, साहेबांना स्पष्ट सांगा. ज्याचा स्वतःचा पैसा अडकला त्याच्यासमोर देणगीचा फॉर्म ठेवणं बरोबर नाही, आणि तो राग मग त्या संस्थेच्या नावावर निघतो, जिचा काही दोष नसतो.

वर्गणीचं पुस्तक ही दुसरी गोष्ट. आपण सगळे मंडळाच्या वर्गणीत वाढलो, त्यामुळे कंपनीतही तेच डोक्यात असते, एक रजिस्टर फिरवायचं, नाव लिहायचं, समोर आकडा. यात काय होते ते मी स्वतः बघितलं. पहिल्या ओळीत ५१ लिहिलं असलं की पूर्ण पान ५१ नी भरते, हजार द्यायच्या तयारीनं आलेला माणूसही ५१ लिहून मोकळा. म्हणून मग आम्ही एका वर्षी शहाणपणा केला, वरच्या साहेबांकडून आधी ५,००० लिहून घेतले, आणि नंतर डिपार्टमेंटप्रमाणे यादी नोटीस बोर्डवर लावली, नाव आणि रक्कम. त्या वर्षी आकडा खूप वाढला, आम्ही खूश. मोहिमेच्या शेवटच्या दिवशी एक ऑपरेटर आला, ५०० ची नोट चार घड्या करून मुठीत धरलेली, टेबलावर ठेवली, तिच्यावरून हात फिरवून सरळ केली आणि मला विचारलं, "साहेब, माझं नाव आजच्याच लिस्टमध्ये येईल ना? आमच्या लाइनचा मीच एकटा राहिलो." मी हो म्हटलं, पावती फाडली. पुढच्या आठवड्यात अ‍ॅडव्हान्सचे अर्ज माझ्याकडे आले तेव्हा कळलं की त्याच दिवशी सकाळी त्यानं पोरीच्या शाळेच्या फीसाठी २,००० चा अ‍ॅडव्हान्स घेतला होता आणि त्यातलेच ५०० माझ्या टेबलावर ठेवून गेला होता. ते पैसे मी परत द्यायला गेलो तर त्यानं घेतले नाहीत, नाव यादीतून जाईल म्हणून. ती यादी मी त्याच दिवशी काढली आणि नंतर कधी लावली नाही. तुमचं बक्षीसवालं डिपार्टमेंट मी याच कारणानं नको म्हणतो, बक्षीस ठेवलं की लाइन इन्चार्ज मागं लागतो, आणि इन्चार्जला नाही म्हणणं सोपं नसते, त्यात माणूस कॉन्ट्रॅक्टवर असेल तर त्याला नाही म्हणताच येत नाही.

म्हणून माझा नियम असा झाला की ज्याच्या हातात कुणाची सुट्टी, शिफ्ट, इन्क्रिमेंट आहे त्यानं पैसे मागायचे नाहीत, साहेबांनी द्यावे, मागू नये. मागायचं काम बरोबरीच्या माणसांनी करायचं, दर २०-२५ जणांमागं एक, आणि तो असा निवडायचा की ज्याच्याकडे लोक एरवीही आपली अडचण घेऊन जातात. प्रत्येक डिपार्टमेंटमध्ये असा एक असतोच, बहुतेक वेळा तो हुद्द्यानं मोठा नसतो. रजिस्टर नाही, प्रत्येकाला एक कोरा लिफाफा किंवा एक फॉर्म, त्यात "यंदा नाही" हाही एक पर्याय छापलेला. भरलेले आणि "नाही" वाले सगळे फॉर्म एकाच पेटीत पडतात, त्यामुळे कोणी काय लिहिलं ते मागणाऱ्यालाही कळत नाही. तुम्हाला वाटेल मग कोण देईल, पण आमच्याकडे यादी बंद केल्यावर पहिल्या वर्षी रक्कम कमी झाली आणि देणारी माणसं वाढली, तिसऱ्या वर्षी रक्कमही यादीवाल्या वर्षाच्या पुढं गेली. साहेबांना हे आधीच सांगून ठेवा, एका वर्षात डबल मागत असतील तर माणसं डबल करू म्हणा, रुपये नाही.

एक दिवसाचा पगार कापायचं सर्क्युलर बऱ्याच ठिकाणी निघते, "ज्यांना द्यायचं नाही त्यांनी लेखी कळवावं" असं. हे करू नका. ज्यांना द्यायचं आहे त्यांनी लेखी द्यावं, उलटं नाही. पगारातून कापायचं तर सही घेतलेलं संमतीपत्र फाइलला हवं, त्यात रक्कम किंवा किती महिने ते लिहिलेलं हवं आणि कधीही बंद करता येईल हे पण. महिन्याला ५० रुपये असे १२ महिने, हे एकदम ६०० पेक्षा माणसाला सोपं जाते, आणि संस्थेलाही ते जास्त कामाचं असते कारण आमचा गॅस आणि किराणा दर महिन्याला लागतो, फक्त ऑक्टोबरात नाही.

आता पैसा कुणाला. माझं म्हणणं लांबचं मोठं नाव घेण्यापेक्षा तुमच्या लोकांच्या रोजच्या रस्त्यावरचं काम घ्या. आपल्या शहरात कमी नाही. मातृ सेवा संघ कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये इथंच उभा केला, शंभर वर्षं झाली. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आपल्या पूर्व विदर्भात बऱ्याच घरांत आहे, तुमच्या २४० जणांत कुणाच्या ना कुणाच्या नात्यात निघेल. त्यावर नागपूरच्या संपत रामटेके यांनी आयुष्य घातलं, ते गेल्यावर २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बेघरांचे निवारे आहेत, दिव्यांग मुलांच्या शाळा आहेत, मे महिन्यातल्या पाणपोया आहेत. तीन-चार कामांची नावं लोकांसमोर ठेवा आणि त्यांना निवडू द्या, ज्याचं मत घेतलं तो माणूस ते काम आपलं समजतो.

पण नाव ठेवण्याआधी स्वतः जाऊन या. कागद बघायचेच, ट्रस्ट नोंदणी, १२एबी (संस्थेच्या करमाफीची नोंदणी), ८०जी (देणाऱ्याला करसवलत मिळते ती), मागच्या तीन वर्षांचं ऑडिट, आणि कंपनी स्वतःचा सीएसआरचा, म्हणजे कायद्यानं समाजकामावर खर्चायचा पैसा टाकणार असेल तर सीएसआर-१ नोंदणी, ती २०२१ पासून लागते. पण कागद ठीक असले तरी मी एक प्रश्न विचारतो, "दोन महिने कुठूनच पैसा आला नाही तर तुमचं पहिलं काय बंद पडेल?" जी संस्था खरंच काम करते तिच्याकडे याचं उत्तर लगेच असते. आमच्या ट्रस्टचं उत्तर विचाराल तर भाजीवाला उधारीवर थांबतो, किराणावालाही थांबतो, गॅस सिलिंडर थांबत नाही आणि टेम्पोच्या ड्रायव्हरचा पगार थांबवता येत नाही. पण देणारे आम्हाला काय देतात तर ब्लँकेट. दर डिसेंबरला ब्लँकेट, फोटोसकट. थंडीत लागतात, नाही म्हणत नाही, पण रस्त्याच्या त्या बाजूला बसलेल्या माणसाला तीन गटांकडून तीन ब्लँकेट मिळतात आणि फेब्रुवारीत आमचा ड्रायव्हर पगारासाठी उभा असतो. "पगारासाठी पैसे देणार नाही, फक्त गरिबांसाठी देऊ" असं कंपन्या लिहून देतात तेव्हा मला मनापासून सांगावंसं वाटते की ते ताट गरिबापर्यंत तो ड्रायव्हरच नेते.

वस्तूंचं म्हणाल तर २३ सप्टेंबर २०२३ आठवा, पहाटे अंबाझरी ओव्हरफ्लो झाला, नाग नदी भरली, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, मोरभवन बसस्टँड सगळं पाण्यात. शहर मदतीला धावलं ते खरंच, पण आमच्याकडे दोन दिवसांत जे आलं त्यात जुने कपडे इतके की एक खोली भरली, त्यात साड्यांचे फॉल सुटलेले, लहान मुलांचे स्वेटर, सप्टेंबरात. लोकांना हवं होतं काय, तर गादी, शेगडी, पोरांची वह्या-पुस्तकं, चिखल काढायला फावडं-घमेलं आणि भिजलेले कागद पुन्हा काढायला कुणीतरी सोबत. कपडे निवडायला आमचे चार जण तीन दिवस बसले, तेच चार जण त्या घरांमध्ये जाऊ शकले असते. तेव्हापासून मी सांगतो, वस्तू द्यायची असेल तर आधी फोन करून विचारा, नाहीतर पैसे द्या.

पैशाचा रस्ता कसा ठेवायचा यात कंपन्या सगळ्यात जास्त गडबड करतात, म्हणून हे नीट वाचा. तुमच्या किंवा कुणाच्याही पर्सनल यूपीआयवर गोळा करू नका. एकतर धर्मादाय आयुक्तांचा कायदा आहे, ट्रस्ट नसलेल्यांनी समाजकामासाठी पैसे गोळा करायचे तर परवानगी लागते, गणपती मंडळं दरवर्षी काढतात ती हीच. दुसरं म्हणजे तुमच्या खात्यातून एकत्र पैसे गेले की पावती तुमच्या नावानं निघते आणि बाकीच्यांना करसवलत मिळत नाही. प्रत्येकानं थेट संस्थेच्या खात्यात द्यावं, आणि सोबत नाव, पत्ता, पॅन आणि रक्कम अशी यादी संस्थेकडे जावी (ती बोर्डवर लावायची नाही, फक्त संस्थेकडे). कारण संस्था वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत आयकर खात्यात १०बीडी हा देणगीदारांच्या यादीचा फॉर्म भरते आणि त्यावरून प्रत्येक देणाऱ्याला १०बीई सर्टिफिकेट मिळते, त्या सर्टिफिकेटशिवाय नुसत्या पावतीवर आता भागत नाही. पॅन चुकला की सर्टिफिकेट चुकलं, मग जूनमध्ये लोक तुम्हालाच फोन करतील. रोख २,००० च्या वर दिली तर सवलत नाही, वस्तू दिल्या तरी नाही. आणि "पूर्ण टॅक्स वाचेल" असं पोस्टरवर लिहू नका, बहुतेक संस्थांना दिलेल्या रकमेचा अर्धाच भाग वजा होतो, तोही जुन्या करपद्धतीत. नव्या पद्धतीत ही वजावट मिळतच नाही, आणि २०२३-२४ पासून आपण काही निवडलं नाही तर नवीच लागू होते, म्हणजे तुमच्याकडच्या बऱ्याच लोकांना फायदा शून्य आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, त्यात कलमांचे आणि फॉर्मचे नंबर बदलले आहेत, तर फॉर्म छापण्याआधी तुमच्या सीएला दाखवून घ्या. लोकांना हे खरं सांगितलं म्हणून कुणी देणं बंद केलं असं मला कधी दिसलं नाही, खोटं सांगितलं आणि नंतर कळलं तिथं मात्र पुढच्या वर्षी लिफाफे रिकामे आले.

कंपनीनं बरोबरीची रक्कम टाकावी असं साहेबांना नक्की म्हणा, म्हणजे लोकांनी १ लाख जमवले तर कंपनीचे १ लाख. यानं लोकांना खरंच हुरूप येतो. फक्त कामगारांनी दिलेला पैसा कंपनीच्या दोन टक्के सीएसआरमध्ये मोजता येत नाही, कंपनीनं टाकलेलाच मोजता येतो, आणि हे दोन आकडे रिपोर्टमध्ये वेगळे लिहा. एका कंपनीनं (नाव घेत नाही) दोन्ही मिळवून कंपनीच्या नावानं चेक दिल्याचा फोटो छापला होता, तिथल्या कामगारांनी पुढचे दोन वर्षं एक रुपया दिला नाही, आणि मला त्यांचं काही चुकलं असं वाटत नाही.

वेळ. दान उत्सव २ ते ८ ऑक्टोबर असतो, २००९ पासून देशभर होते, तुमची मोहीम बहुतेक त्यावरूनच ऑक्टोबरात ठेवलेली असेल. पण आपल्याकडे गणपती आणि नवरात्राची वर्गणी देऊन हात तेव्हा रिकामे झालेले असतात आणि दिवाळीचा खर्च समोर. माझा अनुभव, भेटी आणि बोलणं त्या आठवड्यात करा आणि फॉर्म बोनस झाल्यावर द्या, किंवा पगाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. जून तर अजिबात नको, शाळेची फी असते. ज्यांना पैसे जमत नाहीत त्यांच्यासाठी दुसरं काहीतरी ठेवा, पण तेही मनावर सोडून, रक्तदान ठेवलं तर मे-जूनमध्ये ठेवा, उन्हाळ्यात रक्तपेढ्यांना खरी चणचण असते आणि सिकलसेल, थॅलेसेमियाच्या पोरांना तर उन्हाळा असो की पावसाळा, रक्त लागतेच.

आतापर्यंतचं एकत्र सांगतो म्हणजे साहेबांसमोर मांडायला बरं : यादी नाही, बक्षीस नाही, वरच्यानं मागायचं नाही, पैसा थेट संस्थेकडे, आणि पहिल्या वर्षी माणसं मोजायची.

राहिला हिशोब, आणि हा तुमच्याकडे मागच्या वर्षी झालाच नाही असा माझा अंदाज आहे. मोहीम संपल्यावर तीन महिन्यांनी एक पान काढा, मराठीत, कॅन्टीनमध्ये लावा. नावं नाहीत, फक्त एवढे जमले, इतके सिलिंडर, इतक्या महिन्यांचा ड्रायव्हरचा पगार, इतके शिल्लक. काही बिघडलं असेल तर तेही लिहा. आमच्या ट्रस्टचा टेम्पो एका जानेवारीत पंधरा दिवस बंद होता आणि दुरुस्तीला एका कारखान्याच्या देणगीतले पैसे गेले, मला भीती वाटली लोक काय म्हणतील, पण तसंच लिहून पाठवलं. चार दिवसांनी तिथल्या मेन्टेनन्सचे दोघं जण रविवारी टूलबॉक्स घेऊन आले आणि पूर्ण गाडी खालून वरून तपासून दिली, आता ते दर तीन महिन्यांनी येतात.

आणि यंदा मागचे ५८ जण सोडून देऊ नका, पहिल्यांदा त्यांच्याकडेच जा, मागायला नाही, मागच्या वर्षीच्या पैशाचं काय झालं ते सांगायला. संस्थेकडून एका फोनवर तो हिशोब तुम्हाला मिळेल, नाही मिळाला तर संस्था बदलायची वेळ आली असं समजा.

भेटीला तुम्ही एकट्या जाऊ नका, जे दहा जण मागायचं काम करणार त्यांना घेऊन जा, साहेबांना न्यायचं तर मागच्या सीटवर. मेडिकलकडे आलात तर संध्याकाळी साडेपाचपर्यंत पोचा. गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याकडून आलेली माणसं तेव्हा भिंतीच्या कडेनं पिशव्या ठेवून बसलेली असतात आणि बोलायला मोकळी असतात, कुणाचा कोण अ‍ॅडमिट आहे, किती दिवस झाले, हे तुमच्या लोकांना स्वतः विचारू द्या. सातला टेम्पो येतो, मग रांग लागते, आणि तेव्हा आम्हाला वाढायला हात कमी पडतात, तर तुमच्या दहा जणांना आधीच सांगून ठेवा की घरी जायला नऊ वाजतील.